अर्धा पुलर ताडकळसला, अर्धा पाथरीला

परभणी

लोक परभणीला कशाकशासाठी जातात ते मला माहीत नाही. मी गेले ती एक पुलर शोधायला. पुलर म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. नोकरीत असेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. मोटरसायकलच्या इंजिनाच्या एका टोकाला जाड ताटलीसारखा मॅग्नेट बसवलेला असतो. तो नुसत्या हातानं निघत नाही. त्याच्या आट्यांत एक कप फिरवून बसवायचा, कपाच्या मधून एक लांब बोल्ट पिळत न्यायचा, म्हणजे मॅग्नेट आपणहून जागा सोडतो. कप आणि बोल्ट मिळून झाला पुलर. पण माझ्या गाडीचा कारखाना बंद पडून जमाना झाला, आणि तिचे आटे इतके जगावेगळे, शिवाय उलटे, की बाजारातला कुठलाच पुलर तिला चालत नाही.

शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर मी ही गाडी घेतली. आमच्या नाशिकात ह्याच जातीच्या म्हाताऱ्या गाड्या पाळणाऱ्यांचं एक मंडळ आहे. त्यात बाई मी एकटीच. मला चहा करायला सांगतील म्हणून पहिल्या दिवशी मी हाताला ग्रीस फासूनच गेले होते. मंडळानं ठरवलं होतं की दुर्मिळ हत्यारं हुडकायची, त्यांच्या नकला करून घ्यायच्या आणि ज्याला लागेल त्याला वापरायला द्यायच्या. कारण नेमकं हत्यार नसलं की माणूस नको ते करतो. आमच्या एका सभासदानं मॅग्नेटला दोर बांधून तो टेम्पोनं ओढायला लावला होता. मॅग्नेट जागेवरून हलला नाही. गाडी मात्र टेम्पोबरोबर चौकापर्यंत गेली.

अशात माझ्या गाडीचं मॅग्नेटमागचं सील गेलं. असं झालं की इंजिन नको तिथून हवा ओढतं आणि बेफाम सुटतं. तुम्ही ॲक्सिलेटर सोडला तरी ते सोडत नाही. परभणी जिल्ह्यात अस्सल पुलर आहे, असं कुणीतरी कुणाकडून तरी ऐकलं होतं. तेवढ्यावर मी गाडी रेल्वेच्या पार्सलात घातली आणि मागोमाग गेले.

स्टेशनाबाहेर बाटलीतलं पेट्रोल ओतून किक मारली. गाडी अशी किंचाळली की रिक्षावाल्यांनी रिक्षा मागे घेतल्या. किल्ली बंद केल्यावरही ती जरा विचार करूनच थांबली. मग एका रिक्षावाल्यानं ती ढकलत मला लोखंड कातणाऱ्या अझरभाईंच्या लेथवर आणून सोडलं. अझरभाईंनी गाडी तीन बाजूंनी पाहिली.

"असली पुलर पायजे? मंग ताडकळसला जावा."

"तिथं मिळेल?"

"आधा मिळंल."

"आणि उरलेला?"

"पाथरीला." त्यांनी एक हात पूर्वेला केला, दुसरा पश्चिमेला. "मधी मी. पर माझ्याकडं काईच न्हाई."

ताडकळस

ताडकळसला पोचले तो बाजाराचा दिवस होता. एसटीतून उतरले ती थेट मेथीच्या जुड्यांत. अझरभाईंनी सांगितलेल्या विश्वनाथअप्पांचं घर विचारलं तर एका मिरचीवालीनं माझ्या खांद्यावरची पिशवी पाहून विचारलं, "मॅग्नेट अडकलाय व्हय?" म्हणजे माझ्याआधीही लोक येऊन गेले होते.

विश्वनाथअप्पा बारीक अंगाचे, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, बोलणं तोलूनमापून. "शरणार्थ," असा लिंगायती नमस्कार केला आणि मला ओसरीवर बसवलं. गाडीचं नाव ऐकताच उठून हातपाय धुतले. देवघरातल्या फडताळातून मऊ धोतराच्या कापडात गुंडाळलेला कप काढून त्यांनी माझ्या ओंजळीत ठेवला. मूठभर लोखंड, पण काय राखलेलं! आट्यांवर एक ओरखडा नाही.

"दर सोमवारी तेल लावतो," अप्पा म्हणाले. "करडीचं न्हाई. मशीनचं."

"आणि बोल्ट?"

अप्पा कापडाची घडी घालू लागले. आतून त्यांच्या बायको, शकुंतलाबाई म्हणाल्या, "सांगा की आता. त्या नाशकाहून आल्यात."

मग अप्पांनी सांगितलं. पाथरीचे मन्मथअप्पा त्यांचे साडू. शकुंतलाबाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. दोघांचं परभणीत भागीत गॅरेज होतं आणि गाव त्यांना जोडी म्हणूनच ओळखायचं. एकदा ताडकळसच्याच एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा सायलेन्सर विश्वनाथअप्पांनी आवळला. तो आधीच आवळलेला असून आता जास्त झाला, असं वाटून मन्मथअप्पांनी मागून ढिला केला. गिऱ्हाईक गाडी घेऊन गेलं आणि भर बाजारात सायलेन्सर निखळून वांग्यांच्या ढिगात घुसला. वांगी तिथल्या तिथं भाजली. कुणाला काही लागलं नाही, पण "भरताचं गॅरेज" असं नाव पडलं ते पुसेना. दोघांनी एकमेकांना बोल लावला आणि वाटणी मागितली.

"पंच कोन? तर आमचे लांबचे मामा. त्यांना पाना अन् पळी सारखीच. म्हनले, भानगड नको, नग मोजून निम्मे-निम्मे करा. अन् जे जे सुटं व्हतंय ते सुटं करून मोजा."

असं करून पुलरचा कप इकडे आला आणि बोल्ट तिकडे गेला. हवा भरायच्या पंपाची नळी इकडे, दट्ट्या तिकडे. अप्पांनी मला एक हातोडीही दाखवली. म्हणजे हातोडीचं नुसतं डोकं.

"दांडा नवीन नाही बसवला?"

"वाटनीत आलेल्या वस्तूत बदल करायचा न्हाई, असं ठरलंय," अप्पा गंभीरपणे म्हणाले.

पुलर लागलाच तर दोन्ही अर्धे पेडगावात भेटतात. पेडगाव म्हणजे दोघांची सासुरवाड. तिथं कुणाचाच जोर चालत नाही. कप अप्पांच्या हातातून सुटत नाही, बोल्ट साडूंच्या. "त्या मानसाशी मी बोलत न्हाई. लोखंडाचं लोखंडाशी काय वैर?"

हे चालू असताना आत शकुंतलाबाई बहिणीशी फोनवर आनंदानं ओरडत होत्या, "कुशे, अगं निघालाय पुलर! परवा! डबा भरायला घे!"

निघताना त्यांनी मला येसराची आमटी आणि भाकरी खाऊ घातली. आमच्याकडे आमटी म्हटली की जिभेला गोडाची चाहूल लागते. ही सरळ घशात जाऊन बोलली. माझ्या डोळ्यांतलं पाणी पाहून त्या म्हणाल्या, "फिक्की झाली का ओ ताई?"

पाथरी

पाथरीची जीप उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून रांगत गेली. मन्मथअप्पा दारातच भेटले. आडवे, हसरे, आवाज मोठा. हातात हातोडीचा दांडा. नुसता दांडा. तो ते सगळीकडे बरोबर ठेवतात; कुत्रं हाकलायला, दिशा दाखवायला आणि मुद्दा पटवायला.

"सायलेन्सर मी ढिला केला, कबूल," दांडा माझ्याकडे रोखून ते म्हणाले. "पर कामून केला? त्यो मानूस आवळायला बसला की थांबत न्हाई. आटे मेले असते!"

त्यांचा बोल्ट काचेच्या बरणीत, तेलात बुडवून ठेवलेला होता, लोणच्यासारखा. तो वर काढून त्यांनी उजेडात धरला आणि मग अगदी सहज, दुसरीकडे पाहत विचारलं, "कप बरा हाय ना?"

"उत्तम आहे."

"तेल लावतेत का?"

"दर सोमवारी."

"सोमवारीच?" त्यांचा चेहरा पडला. "हवेला दमट दिवस आसतेत. सांगा त्यांना. म्हंजे तुमचं म्हनून सांगा, मपलं नाव घेऊ नका."

त्यांच्या बायको कुशावर्ताबाई धपाटे थापत होत्या, दोन दिवसांनी जायच्या प्रवासाचे आत्तापासूनच. मी गाडी स्वतः चालवते हे ऐकून त्यांनी हात धुतले, माझ्यासमोर येऊन बसल्या आणि विचारलं, "अन् मालक मागं बसतेत?"

"घाबरतात. ते बसनं येतात."

त्या इतक्या हसल्या की तव्यावरचा धपाटा करपला.

पेडगाव

ठरल्या दिवशी मी अझरभाईंकडे ठेवलेली गाडी टेम्पोत घालून पेडगावला नेली. दोघी बहिणी माझ्याआधीच पोचल्या होत्या आणि भावाच्या अंगणात एकाच बाजेवर बसून एकाच ताटातला हुरडा खात एकाच वेळी बोलत होत्या. त्यांचे नवरे अंगणाच्या दोन टोकांना होते. एक गोठ्याकडे तोंड करून, दुसरे तुळशीकडे.

गाडी मधोमध लावली. दोघं येऊन तिच्या मॅग्नेटच्या बाजूला उकिडवे बसले. त्यांच्यात हातभर अंतर. त्या हातभर जागेत मला बसवलं.

"मॅडम," विश्वनाथअप्पा म्हणाले, "त्यांना म्हनावं बोल्टाचं टोक पुसून घ्या."

मी मन्मथअप्पांकडे वळले. "बोल्टाचं टोक..."

"पुसलंय म्हनावं. त्यांच्या कपात भुसा गेलाय का बघा म्हनावं."

मी परत वळले. "कपात भुसा..."

"ह्या कपात भुसा?" अप्पांचा स्वर चढला. "विचारा त्यांना, डोळे तपासलेत का?"

शाळेत भांडणाऱ्या पोरांचे निरोप मी पुष्कळ पोचवले होते, पण त्या पोरांना एकमेकांचं ऐकू येत नसे. इथं प्रत्येक वाक्य दोघंही ऐकत आणि तरी मी बोलेपर्यंत ते वाक्य झालेलंच नसे. एकदा मला शिंक आली तर काम थांबलं.

कप उलट्या आट्यात बसला. त्यात बोल्ट गेला, आणि जाताना जो गुळगुळीत आवाज झाला तो ऐकून दोघांनी डोळे मिटले. मग हातोडी हवी होती. पूर्वेकडून डोकं आलं, पश्चिमेकडून दांडा आला. दोघांनी न बोलता ती जोडली आणि पाचर ठोकली. तिनं बोल्टाच्या डोक्यावर एक टोला देऊन मन्मथअप्पा बोल्ट पिळू लागले. विश्वनाथअप्पा एका हातानं मॅग्नेट धरून कान लावून बसले.

"बास म्हना!" ते एकदम म्हणाले.

मी वळून "बास" म्हणेपर्यंत मन्मथअप्पांनी आणखी एक पीळ दिला होता. "टक्" असा आवाज झाला, कपासकट मॅग्नेट सुटला, विश्वनाथअप्पांच्या हातातून निसटला आणि अंगणाच्या उतारावरून घरंगळत निघाला. दोघं साडू एकाच वेळी त्याच्यामागे धावले, बैलगाडीखाली एकाच वेळी वाकले आणि त्यांची डोकी एकमेकांवर आदळली.

"आई गं!" दोघंही म्हणाले.

पुलरनिमित्त ते किती वर्षं असे जमत होते कोण जाणे, पण एकमेकांसमोर थेट बोललेलं हे पहिलंच, असं बहिणींनी मला सांगितलं. मॅग्नेट शाबूत होता. कपही. विश्वनाथअप्पांनी कप छातीशी धरला, मन्मथअप्पांनी हळूच मान लांबवून त्याचे आटे पाहिले, आणि त्यांना तो पाहता यावा एवढा वेळ विश्वनाथअप्पा तसेच उभे राहिले.

जेवताना मी खुशीत सांगून टाकलं की उद्या अझरभाईंच्या लेथवर ह्या पुलरची नक्कल करून घ्यायची आहे. "म्हणजे पुढं कुणी तुम्हाला त्रास द्यायला येणार नाही."

सगळ्यांनी माना ताटात घातल्या. मला वाटलं, भारावले.

जेवणं झाल्यावर दोघी बहिणींनी मला आत बोलावलं. कुशावर्ताबाईंनी दार लोटून घेतलं.

"ताई, तुमी चांगल्या दिसायल्यात," त्या म्हणाल्या. "मंग असं कामून करायल्यात?"

"काय केलं मी?"

"तुमची नक्कल झाली की आमचं म्हायार बंद."

मला काही उमगेना. शकुंतलाबाईंनी समजावलं. दिवाळीला त्या इथं येतात. पण एक आधी, एक नंतर. साडू समोर येईल म्हणून दोघांपैकी कुणी दुसरा असताना पाऊल ठेवत नाही. शेत आहे, जनावरं आहेत, एकटी बाई मधेच कशी निघणार? "पुलर निघाला म्हंजे मात्र दोघांना यावंच लागतंय. अन् आमच्या हातच्याबिगर दोघांनाबी जेवन जात न्हाई. मंग आमी येतो. लोकायच्या गाड्या बिघडतेत म्हनून आमी बहिनी भेटतो बघा."

"पण मंडळाला मी शब्द दिलाय," मी म्हणाले. "तिकडे लोक मॅग्नेट फोडतायत."

"फोडू नयेत. हिकडं यावं," कुशावर्ताबाई म्हणाल्या.

पुन्हा परभणी

सकाळी आम्ही तिघं एसटीनं परभणीला निघालो. एक साडू ड्रायव्हरमागे, दुसरे शेवटच्या बाकावर, मी मधे. नक्कल करायची म्हणजे दोन्ही अर्धे लेथवाल्याच्या हाती द्यावे लागणार आणि ते नजरेआड होऊन चालणार नाही, म्हणून दोघं लेथच्या दोन बाजूंना स्टूल टाकून बसले.

"पैले क्या करू? कप की बोल्ट?" अझरभाईंनी विचारलं.

"कप," विश्वनाथअप्पा मला म्हणाले.

"बोल्ट," मन्मथअप्पा मला म्हणाले.

अझरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. शेवटी त्यांनी थोडा कप कातला, मशीन थांबवून थोडा बोल्ट कातला, पुन्हा कप लावला. दरवेळी लेथची सगळी जोडणी बदलावी लागत होती. अझरभाई कामात मुरलेले, पण मधूनमधून ते वर पाहून "या अल्ला" म्हणत. उलटे आटे पाडताना मात्र दोन्ही साडू उठून उभे राहिले आणि त्या चमकत्या लोखंडाकडे एकटक बघत राहिले. कुणी निरोप दिला नाही.

दुपार कलताना नक्कल तयार झाली. मूळ कपात नवा बोल्ट आणि नव्या कपात मूळ बोल्ट सहज फिरत होते. मी टाळ्या वाजवल्या. माझ्या एकटीच्याच वाजल्या.

पुन्हा पेडगाव

नवं सील बसवलं, मॅग्नेट चढवून घट्ट केला आणि चाचणी म्हणून नव्या पुलरनं पुन्हा काढला. निघाला. पुन्हा बसवून गाडीला किक मारली तर ती शहाण्या मुलीसारखी धुगधुगत उभी राहिली. ज्यासाठी मी एवढ्या लांब आले ते झालं होतं. मी गाडी बंद केली.

विश्वनाथअप्पा कापडात कप गुंडाळत होते. गुंडाळून झाला तरी गुंडाळत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "त्यांना सांगा, आता यायची जरूर न्हाई म्हनावं. तुमचंच हत्यार झालं आता."

मी वळले.

"ऐकलं मी," मन्मथअप्पा म्हणाले. माझ्याकडे न बघता.

दोघांनी पायात चपला घातल्या. तेवढ्यात कुशावर्ताबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि माझ्यासमोर हात पसरला. "बघू ते नवं."

मी नवा पुलर दिला. त्यांनी भाजी निवडावी तितक्या सहज पिळून कप आणि बोल्ट वेगळे केले. कप माझ्या हातावर ठेवला. बोल्ट थोरल्या बहिणीकडे दिला. शकुंतलाबाई तो घेऊन आत गेल्या आणि डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आला.

"वाटनी झाली," कुशावर्ताबाई म्हणाल्या. "कप नाशकाला, बोल्ट हितं भावजयीच्या पिठाच्या डब्यात. ज्याला मॅग्नेट काढायचा आसंल त्यानं कप घेऊन गाडीसंगं हितं यावं."

"अहो, पण मग उपयोग काय त्याचा?" माझ्या तोंडून गेलं.

"अन् नवीन हत्यार," त्या नवऱ्यांकडे वळून म्हणाल्या, "वापरताना जानकार मानूस नगं का संगं? आटे मेले तर? आवळायला एक, ढिलं करायला एक."

दोन्ही साडू चपला घातलेल्या पायांनी उभे होते. विश्वनाथअप्पांनी घसा खाकरला.

"वाटनी नियमाला धरून हाय," ते म्हणाले.

"लय बराबर हाय," मन्मथअप्पा म्हणाले. आणि दोघांनी चपला काढल्या.

नाशिक

मंडळाच्या बैठकीत मी टेबलावर कप ठेवला तेव्हा सगळे पुढं झुकले. बोल्ट कुठं आहे हे सांगितल्यावर मागं झाले. एकानं विचारलं, मी फसले का? दुसरा म्हणाला, बोल्ट काय, एखादा जमवून करून घेऊ. मी कप उचलून पिशवीत टाकला आणि म्हणाले, वाटणीत आलेल्या वस्तूत बदल करता येत नाही. मी हे इतक्या गंभीरपणे म्हणाले की कुणी हसलं नाही.

पण मॅग्नेट काही मतांची वाट पाहत नाही. टेम्पोवाल्या सभासदालाच आधी जावं लागलं. कुरकुरत गेला, आठवडाभर राहिला, अंगानं भरून आला आणि धपाट्यांवर बोलत सुटला. मग आणखी एक गेला. त्यानं येऊन सांगितलं की निरोप द्यायला आता मधे माणूस लागतोच असं नाही. आपण उठून पाणी प्यायला गेलो तर काम थांबत नाही. आपण परत येताना दिसलो की मात्र दोघं गप्प होतात.

सगळ्यांच्या गाड्या नीट झाल्या. उन्हाळा गेला, पोळा गेला. परवा दुपारी फोन वाजला. कुशावर्ताबाई होत्या. प्रकृती विचारली, मालक अजून घाबरतात का ते विचारलं, यंदा ज्वारी कशी आहे ते सांगितलं. मग मुद्द्यावर आल्या.

"ताई, लय दिवस झाले. तिकडं कुनाचीच गाडी बिघडली न्हाई का ओ?"

फोन ठेवून मी खाली गेले आणि गाडीला किक मारली. पहिल्याच किकला सुरू झाली, आवाजात खोट नाही. बंद करून वर आले आणि मंडळातल्या सगळ्यात नव्या सभासदाला फोन लावला. त्याची गाडी कशी आहे ते विचारलं.

"एकदम मस्त, मॅडम. काही त्रास नाही."

"असं वाटतं," मी म्हणाले. "सील आतून जातं. बाहेरून कळत नाही. तुम्ही एकदा मॅग्नेट काढून बघाच."